एकाच हस्ताक्षरातल्या तक्रारी

देवराव मास्तरांनी माझी जेवढी सेवा केली तेवढाच मला मनस्तापही दिला, आणि या दोन्ही गोष्टी ते एकाच वेळी कशा करत हे मला अजून नीट उमगलेलं नाही. आता माझं वय झालं आहे. प्रवचनाची सवय सुटत नाही आणि ऐकायला कोणी नाही. म्हणून मास्तरांची गोष्ट लिहून काढतो.

मी मूळचा वसईचा. सेमिनरीत आठ वर्षं लॅटिन घोकून पाद्री झालो, आणि त्रेसष्ट साली मला यवतमाळ जिल्ह्यात, राळेगावपासून आठ मैलांवरच्या करंजधाब्याच्या मिशनवर धाडण्यात आलं. मिशन म्हणजे कौलारू छपराचं एक लहानसं चर्च, फादरच्या दोन खोल्या, एक विहीर आणि कॅथलिकांची अडतीस घरं. सगळी दुसऱ्यांच्या कापसाच्या शेतात राबणारी माणसं, आणि गावाने ज्यांना आपल्या विहिरीवर कधी येऊ दिलं नव्हतं अशा वस्तीतली. मी एसटीतून उतरलो तेव्हा एक उंच, काटकुळे गृहस्थ काळा कोट घालून रस्त्यात उभे होते. मे महिना होता. त्यांनी माझी ट्रंक उचलली आणि पहिला प्रश्न विचारला, "फादर, सायकल येते नं जी? मागच्याले येत नव्हती."

हे देवराव मास्तर. आमचे कॅटेकिस्ट. म्हणजे फादर नसताना प्रार्थना चालवायची, मुलांना धर्म शिकवायचा, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, मेलेल्याला मातीपर्यंत पोचवायचं. ते आठवडाभर धोतर-बंडीत असत. कोट रविवारचा, पण नवा फादर येणं हा त्यांच्या हिशेबी रविवारच होता. घर मिशनच्या आवारातच, विहिरीपलीकडे. बायको पंचफुला, तीही दिवसा वेचणीला जायची.

माझ्या आधी तिथे वीस वर्षं एक म्हातारे फ्रेंच फादर होते. भला माणूस. पण त्यांचं मराठी फक्त देवाला आणि मास्तरांना कळत असे. फादर पाच मिनिटं बोलत आणि मग मास्तर "फादरच्या म्हनन्याचा अर्थ असा हाय" म्हणून अर्धा तास बोलत. एकदा फादरनी शेजाऱ्यावर प्रेम करा एवढंच सांगितलं. मास्तरांच्या अर्थात रुखमाबाईची बकरी आली, मास्तरांच्या वाफ्यातली वांग्याची रोपं आली, आणि बकरी दावणीला बांधून ठेवणं हे कसं ख्रिस्ती कर्तव्य आहे तेही आलं. मिसा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर फादरनी विचारलं म्हणे, "देवराव, मी बकरी कधी म्हटली?" मास्तर म्हणाले, "तुमी नाही म्हटली जी. पन तुमच्या मनात असनच."

रुखमाबाई म्हणजे दोन बकऱ्यांची मालकीण, विधवा, आणि अख्ख्या मिशनमध्ये मास्तरांना न भिणारी एकटी बाई. बाकी सगळे त्यांना टरकून असत. जपमाळेच्या प्रार्थनेला मास्तर इतका वेळ लावत की चुलीवरचं वरण आटून जाई. प्रवचनात कोणाची मान कलली की मागून जाऊन छत्रीच्या टोकाने डिवचत. मी आल्यावर मला वाटलं, आता आपल्याला मराठी येतं, आता हे अर्थबिर्थ सांगणं बंद. तर पहिल्याच रविवारी माझं प्रवचन संपलं आणि मास्तर उठून उभे राहिले. "फादरच्या म्हनन्याचा अर्थ असा हाय," असं म्हणून त्यांनी माझ्या मराठीचा मराठीत अर्थ सांगितला. मी खुर्चीवर बसून दात खात होतो आणि लोक माना डोलवत होते.

त्याच वर्षांत तिकडे रोममध्ये मोठी परिषद चालू होती. साऱ्या जगातले बिशप जमले होते, आणि चर्चची दारं-खिडक्या उघडायची भाषा चालली होती. मी तिशीतला, पत्रकं वाचून डोकं तापलेलं. मिसा लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत म्हणायला परवानगी मिळाली तशी पासष्ट साली मी वेदी भिंतीपासून सोडवली, लोकांकडे तोंड करून उभा राहिलो आणि मराठीत मिसा म्हटली. वाटलं, आता लोक आनंदाने रडतील. बाबाराव नावाचा एक म्हातारा तेवढा येऊन म्हणाला, "फादर, आता समजते सारं. पन पहिले कसं मोठं वाटे."

मास्तर त्या दिवशी मिसा झाल्यावर चर्चच्या पायरीवर बसून राहिले. मला म्हणाले, "आता मले काय काम राह्यलं जी?"

"ऐका," मी म्हणालो. "इतकी वर्षं बोललात, आता जरा लोकांचं ऐका. मीही ऐकणार आहे. आता चर्चमध्ये संवाद व्हायला हवा."

मास्तरांना ते एकदम पटलं. ऐकणं किती महत्त्वाचं आहे हे त्यांनी मला पुढची पंधरा मिनिटं समजावून सांगितलं.

संवाद सुरू करणं मात्र सोपं निघालं नाही. मी मिसेनंतर लोकांना थांबवून म्हणायचो, "बोला. मनात असेल ते बोला. चर्च तुमचं आहे." पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, सगळे खाली मान घालून. थोड्या वेळाने सगळ्यांची नजर हळूहळू मास्तरांकडे वळायची. मग मास्तर उठून सांगायचे, "सारं बराबर हाय जी." लोक सुटल्यासारखे घरी जायचे. असे तीन रविवार झाले. पिढ्यान्पिढ्या ज्यांना तोंड उघडल्याबद्दल मारच खावा लागला, त्यांना मी वेदीवर उभा राहून बोला म्हणत होतो आणि ते बोलत नाहीत म्हणून मनातून चिडत होतो. तेव्हा मला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही.

शेवटी मी डबा आणला. दूध पावडरचा रिकामा डबा राळेगावला जफरभाई टिनवाल्याकडे नेला आणि झाकणाला फट पाडायला सांगितली. जफरभाईंनी विचारलं, "फादर, इसमें डालना क्या है?"

"लोगों की शिकायतें."

त्यांनी डबा हातात घेऊन फिरवून पाहिला. "फिर तो डब्बा छोटा लाए आप."

डबा मी चर्चमध्ये दाराशी ठेवला. नाव लिहा, न लिहा, काय सांगायचं ते कागदावर लिहून टाका, म्हणालो. आता एखाद्याला वाटेल, अडतीस घरांत कोणालाच लिहिता येत नाही हे फादरला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. पण परिषदेच्या भरात लक्षात आलं नाही. शाळेत जाणारी पोरं होती, पण आपली तक्रार पोरांच्या हातून लिहून घ्यायला कोण धजणार? दोन आठवडे डबा रिकामा होता. तिसऱ्या आठवड्यात उघडला तर आत सात कागद. सगळे एकाच हस्ताक्षरात. मोत्यासारखं अक्षर, निळी शाई, डाव्या बाजूला दोन बोटं समास सोडलेला.

पहिला कागद मी अजून जपून ठेवला आहे.

"मेहेरबान फादरसाहेब यांचे सेवेशी. अर्जदार रुखमाबाई, राहणार करंजधाबा, धंदा मजुरी, सविनय अर्ज करते की, येथील मास्तर देवराव हे प्रार्थनेत आपला खासगी राग काढतात. अर्जदाराच्या बकरीचा उल्लेख आजवर चर्चमध्ये चार वेळा झालेला आहे. अर्जदारास तीनच वेळा आठवतात. चौथी वेळ गेल्या ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारची असून ती लेखकास आठवते. तरी योग्य तो बंदोबस्त व्हावा ही विनंती."

लेखक अर्थातच देवराव मास्तर. तहसिलीचे अर्ज लिहून लिहून त्यांचा हात त्या वळणावर बसलेला होता. दुसरा अर्ज जपमाळेच्या लांबीबद्दल. तिसरा छत्रीबद्दल, त्यात छत्री कोणत्या बरगडीला लागली तेही दिलेलं. चौथा असा: "अर्जदार पंचफुला, मास्तरांची लग्नाची बायको, अर्ज करते की, मास्तर घरी आल्यावरही प्रवचन थांबवीत नाहीत. भाजीत मीठ कमी पडले तरी त्यांना शुभवर्तमानातले मीठ आठवते."

मी मास्तरांना बोलावून घेतलं.

"मास्तर, हे सगळे अर्ज तुमच्या अक्षरात आहेत."

"मंग कोनाच्या असन जी? दुसऱ्या कोनाले लिवता येते?"

"पण ते तुमच्याविरुद्ध आहेत!"

"हो जी. लिवतानीच वाचलं मी."

"वाईट नाही वाटत?"

"वाटते नं. पंचफुलाचा लिवला त्या दिशी मले जेवन नाही गेलं. समोर बसून सांगे अन् मी लिवे. पन एक शब्द बदलला असता तं थो अर्ज माहा झाला असता, तिचा नाही राह्यला असता."

मला हसू आवरेना, आणि त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच काहीतरी आतून वाटलं. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. फादर लोकांना असल्या गोष्टी मनात ठेवायची वाईट खोड असते.

सहासष्टच्या जानेवारीत बिशपांचं पत्र आलं. प्रत्येक मिशनने लोकांची मोकळी सभा घ्यावी, लोकांचं म्हणणं ऐकावं, आणि कॅटेकिस्ट आहे तोच ठेवायचा की बदलायचा हेही लोकांनाच ठरवू द्यावं. मी ते पत्र मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि वाचताना जीभ चावली. सव्वीस वर्षं ते हेच काम करत होते. घर मिशनचं, काम मिशनचं, मान मिशनचा. लोक नको म्हणाले तर त्या वयात त्यांनी कापूस वेचायला जायचं होतं आणि दुसऱ्या कोणाला तरी त्या पायरीवर बसलेलं पाहायचं होतं.

"म्हंजे लोक ठरवन," मास्तर म्हणाले.

"हो."

"बराबर हाय," ते म्हणाले, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांनी बराबर काय आहे त्याचा अर्थ सांगितला नाही.

सभेची तारीख चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागण्याआधीच्या रविवारची ठरली. वेचणीही तोवर आटोपत आली होती. ही बातमी फुटली आणि मास्तरांच्या ओसरीवर गर्दी व्हायला लागली. संध्याकाळी शेतावरून येताना बायका थांबायच्या, पदराने तोंड पुसून सांगायला लागायच्या, आणि मास्तर मांडीवर पाटी घेऊन, पाटीवर कागद ठेवून लिहायचे. कोणाची तक्रार कमजोर वाटली तर, "तारीख सांग. तारखेबिगर अर्जात दम नाही," असं म्हणून तिला बळ आणायचे. चर्चची किल्ली त्यांच्याकडेच असायची, म्हणून लिहून झालं की "टाकतो मी डब्यात" म्हणायचे आणि लोक निश्चिंत घरी जायचे.

सभेपर्यंत डब्यात सत्तावीस अर्ज जमले. मी मोजून पाहिले, एकूण एक मास्तरांविरुद्ध. माझ्याविरुद्ध एकही नाही. आता कबूल करतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बिशपांना मी कळवूनही टाकलं की इथे धर्मगुरूविषयी लोकांची काहीएक तक्रार नाही. ते वाक्य लिहिल्यावर मी दोनदा वाचून पाहिलं होतं.

रविवारी मिसेनंतर सगळे थांबले. लोकांमध्ये वाचणारा एकच, म्हणून अर्ज मास्तरांनीच वाचायचे असं ठरलं. ते काळा कोट घालून वेदीसमोर उभे राहिले आणि स्वतःविरुद्धचे सत्तावीस अर्ज खड्या आवाजात वाचू लागले. छत्रीचा अर्ज आला तेव्हा लोकांनी हसू दाबलं. बकरीचा आला तेव्हा दाबता आलं नाही. मास्तरांनी हसू ओसरेपर्यंत थांबून, कागद खाली करून म्हटलं, "आता याचा अर्थ असा हाय का..."

"वाचा फक्त," रुखमाबाई बायकांमधून म्हणाली.

मास्तर मुकाट्याने वाचू लागले. पंचफुलाचा अर्ज आला तेव्हा आवाज जरा खाली गेला, पण त्यांनी मिठापर्यंत सगळं वाचलं. शेवटचा कागद संपला. मास्तरांनी सगळे अर्ज एकावर एक जुळवून ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. मी आता ठेवायचं की बदलायचं ते विचारायला उठणार, तेवढ्यात रुखमाबाई उभी राहिली. चर्चमध्ये कोणी बाई उभी राहून बोलल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. बाजूच्या बाईने तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला.

"माही बहीन कौसल्या मारेगावले असते," ती म्हणाली. "त्यायनं बाबासाहेबाच्या मागं बौद्ध धर्म घेतला. तिकडं सभेत थे उभी राहून बोलते. मंग मी काय मुकी हावो? फादर, म्या दोन अर्ज लिवून घेतलते. बकरीचा वाचला. दुसरा कुठी हाय?"

मी मास्तरांकडे पाहिलं. कोटात उभा असलेला तो माणूस तेवढ्यात लहान झालेला दिसला.

"माहा बी नाही वाचला," बाबाराव म्हणाले.

"माहा बी."

"आमचा बी राह्यला."

मास्तर बाहेर गेले. विहिरीपलीकडच्या आपल्या घरात जाऊन परत आले, हातात कागदांची गड्डी. सोळा अर्ज. त्यांनी ते माझ्या हातात दिले नाहीत, नुसते धरून उभे राहिले.

"हे तुमच्याविरुद्ध हायेत जी," ते म्हणाले. "लिवले सारे. शब्द नाही बदलला. पन डब्यात टाकाची हिंमत नाही झाली."

"का?"

"फ्रेंच फादरच्या आंधी एक फादर आठ महिन्यात निघून गेलते. लोकायनं काही बोललं, त्यायनं मनाले लावून घेतलं, अन् गेले. मंग दोन वर्षं फादर नाही. माही माय फादरबिगर गेली. शेवटचा तेलाभिषेक नाही, काही नाही. मीच पाठ होतं थे म्हनलं तिच्या कानात." त्यांनी हातातल्या गड्डीकडे पाहिलं. "मले वाटलं, हे वाचलं तं तुमीबी जाल."

लोक संतापले होते, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मनातलं बोलले, तर ते मास्तरांच्या घरात पडून राहिलेलं. मीही संतापलो होतो, पण मास्तरांवर नाही. बिशपांना लिहिलेलं ते वाक्य माझ्या डोळ्यांपुढे नाचत होतं. मी त्यांच्या हातून गड्डी घेतली आणि म्हणालो, हे मी वाचतो.

"अर्जदार बाबाराव अर्ज करतो की, फादर पुस्तकातले मराठी बोलतात. मास्तरांनी अर्थ सांगितला तर समजते, पण फादर मास्तरांकडे रागाने पाहतात." हे एक. "फादर बोला बोला म्हणतात, पण कोणी बोलायला लागला तर अर्ध्यातच त्याला समजावून सांगू लागतात." हे दुसरं. वाचता वाचता मी खुलासा करायला तोंड उघडलं, आणि मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला तेव्हा मिटलं.

रुखमाबाईचा अर्ज सातवा होता.

"अर्जदार विचारते की, फादर तीन वर्षांत आमच्यापैकी कोणाच्याही घरी पाणी प्याले नाहीत. घरी येतात, खाटेवर बसतात, तांब्या पुढे केला की नको म्हणतात आणि आपल्या बाटलीतले पितात. गावातल्यांनी आमच्या हातचे पाणी घेतले नाही त्याची आम्हाला सवय आहे. परंतु बाप्तिस्मा देते वेळी फादर म्हणाले होते की या पाण्याने सगळे सारखे होतात. तरी ते कोणते पाणी, याचा खुलासा व्हावा."

मी कागद खाली केला.

खरी गोष्ट इतकी साधी होती की सांगायलाही लाज वाटली. आल्या वर्षीच पावसाळ्यात मला कावीळ झाली होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, उकळलेल्याशिवाय पाणी पिऊ नका. मी बाटली घेऊन हिंडायला लागलो. तांब्या पुढे आला की "नको" म्हणायचो आणि पुढच्या गोष्टीला लागायचो. समोरच्याच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तीन वर्षं. अडतीस घरं. आणि मी त्यांना बंधुभाव शिकवत होतो.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कावीळ, डॉक्टर, उकळलेलं पाणी. सांगून झाल्यावर म्हणालो, मला माफ करा. रुखमाबाई अजून उभीच होती.

"पानी उकळाचंच होतं फादर," ती म्हणाली, "तं आमच्या घरी चूल नाही का?"

या वेळी मी समजावून सांगायला गेलो नाही. माझ्या आयुष्यातला हा पहिला संवाद असावा. उरलेले अर्ज मी खाली मान घालून वाचून संपवले. मग म्हणालो, आता बिशपांनी विचारलेलं ठरवू या. मास्तरांना ठेवायचं की बदलायचं.

मास्तर वेदीच्या कडेला उभे होते. पंचफुला बायकांच्या पहिल्या रांगेत, तिने पदर तोंडाशी धरला होता. दोनच महिन्यांपूर्वी नवऱ्याविरुद्ध मिठाचा अर्ज देणारी ती बाई रडत होती. बाबाराव उठले.

"सत्तावीस अर्ज त्याच्याविरुद्ध," ते म्हणाले. "अन् सोळा लपवले. याले काय ठेवाचं?"

पुरुषांमध्ये माना हलल्या. मला काही तरी बोलावंसं वाटलं, मास्तरांच्या बाजूने, सव्वीस वर्षांबद्दल, त्या म्हातारीच्या कानात म्हटलेल्या प्रार्थनेबद्दल. पण अर्ध्यात समजावून सांगण्याचा अर्ज नुकताच वाचला होता. मी गप्प राहिलो, आणि ते फार जड गेलं.

"मले सांगा," रुखमाबाई म्हणाली. ती माझ्याकडे नाही, बाबारावांकडे पाहून बोलत होती. "पाटलाविरुद्ध अर्ज द्याचा असला तं पाटलाच्या ओसरीवर जाऊन त्यालेच लिवाले सांगता का तुमी?"

बाबाराव खाली पाहू लागले.

"तलाठ्याविरुद्ध तलाठ्याले सांगता? फादरविरुद्ध फादरच्या तोंडावर बोलले होते का, तीन रविवार बोला बोला म्हने तवा? नाही नं? अन् याच्या ओसरीवर जाऊन, याच्या पाटीपुढं बसून, याच्याविरुद्ध सत्तावीस डाव बोलले. काहून बोलले? भेव नाही वाटलं म्हनून बोलले. थ्यानं लिवून देल्लं, तारीख राह्यली तं थेबी घातली. माह्या बकरीची चौथी गोष्ट मलेच आठवत नव्हती!" तिने पदर कमरेला खोचला. "जल्मात मले एकच मानूस असा भेटला, का ज्याच्याविरुद्ध बोलाचं हाय त्यालेच सांगता येते. थो काढून टाकाचा, अन् मंग मी सांगू कोनाले?"

मास्तर तोंड फिरवून भिंतीकडे पाहत होते. त्यांचे खांदे हलत होते. जगभरच्या बिशपांनी बसून जे लिहिलं, ते हा माणूस विहिरीपलीकडच्या ओसरीवर, मांडीवर पाटी घेऊन रोज संध्याकाळी करत होता, आणि मी त्याला ऐकायला शिकवायला निघालो होतो.

"पन लपवलं थे वाईट केलं," बाबाराव म्हणाले, आवाज मऊ झालेला.

"वाईटच केलं," रुखमाबाई म्हणाली. "त्याचा अर्ज देतो मी उद्या. लिवा म्हना त्याले."

मग हात वर करायला सांगितले. बायकांचे आधी आले. बाबारावांचा सगळ्यात शेवटी आला, तोही खांद्याच्या वर गेला नाही, पण मी तो मोजणीत धरला.

सभेचा ठराव लिहायचा होता आणि लोकांमध्ये लिहिणारा एकच होता. मास्तरांनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले, पाटी मांडीवर घेतली आणि लोकांना विचारलं, काय लिवू? चारी बाजूंनी लोक सांगू लागले, एकाच वेळी, पुरुष आणि बायका, एकमेकांना खोडत. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग दोन बोटं समास सोडून, मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं:

"ठराव. देवराव मास्तरांना ठेवावे असे सर्वांनी ठरवले. देवराव मास्तर फार बोलतात, असेही सर्वांनी ठरवले."